तिसऱ्या मजल्याचं कुलूप

आपल्या कपाटात परक्या माणसाचं डोकं दिसलं, तर काय करावं याचा काही रिवाज नाही. तिने घसा खाकरला.

"कोण आहे?"

"मी," कपाटातून आवाज आला.

"मी म्हणजे कोण?"

"पाचवा मजला."

मग डोकं बाहेर आलं. केसांना धूळ, कानावर पेन्सिल, आणि चोरी पकडली गेल्यावरही चेहऱ्यावर पाहुण्यासारखं हसू.

"आधी बाजूला व्हा," ती म्हणाली. "हे तिसऱ्या मजल्याचं कपाट आहे."

"तरीच! सगळं इतकं नीटनेटकं दिसलं, तेव्हाच मला संशय आला की हे माझं नसणार."

ही स्तुती की सबब, हे तिला चटकन ठरवता येईना. तिने ती तूर्त सबबीच्या रकान्यात टाकली. पुढे कितीतरी दिवसांनी ती तिथून उचलून स्तुतीत नेली, पण ते नंतर.

त्या इमारतीत नावाने कोणी कोणाला हाक मारत नसे. मजल्यामजल्यावर एकेक कचेरी, आणि माणूस मजल्याने ओळखला जाई. तिसऱ्यावर विमा कंपनी. तिथले संगणक आणि त्यांच्या तारा सांभाळणारी ती. पाचव्यावर घरांचे नकाशे काढणारे. तिथले संगणक आणि तारा सांभाळणारा तो. सगळ्या मजल्यांच्या केबल भिंतींतून उतरत उतरत तळघरातल्या एका खोलीत येत. तिथे प्रत्येक मजल्याचं एकेक लोखंडी कपाट, जाड पत्र्याच्या दाराचं. कपाटं खांद्याला खांदा लावून रांगेत उभी, एका आईची लेकरं असल्यासारखी. सगळी काळी, उंच, आणि आतल्या पंख्यांमुळे गुणगुणणारी.

"पण कुलूप होतं," ती म्हणाली. "तोडलंत की काय?"

"छे हो. माझ्या किल्लीने उघडलं. म्हणून तर वाटलं, माझंच."

तिने त्याच्या हातातून किल्ली घेतली. फिरवली. फिरली! मग आपली किल्ली त्याच्या कपाटाला लावली. तीही लोण्यात सुरी जावी तशी फिरली. तोवर तो मजेत रांगेतून पुढे गेला होता.

"दुसरा मजला... उघडला. चौथा... हाही आपलाच. कारखान्यातून येतानाच सगळ्यांना एक किल्ली दिसतेय."

"यात हसण्यासारखं काय आहे?"

"सहा बिऱ्हाडं, सहा कुलपं आणि किल्ली एक. रडू का मग?"

ती हसली नाही. तिला हसण्याची सोयच नव्हती. मागे कोणीतरी तिच्या कपाटातली वायर उपटून तिथे ड्रिल मशीन लावलं होतं. विम्याची सगळी कचेरी दुपारभर ठप्प, खिडकीपुढे माणसांची रांग, आणि शेवटी साहेबांचं वाक्य, शांत आवाजातलं, म्हणून जास्त लागलेलं. "पुन्हा असं झालं तर तुमच्या खुर्चीवर दुसरं कोणी बसेल." तेव्हापासून ती कपाट लावलं की मूठ धरून दोनदा ओढून बघायची. घरीसुद्धा. आई म्हणायची, "या पोरीच्या हाती गळ्यातली चावी द्यावी, म्हणजे ती गळाही ओढून बघेल."

"तशी माझी एक तार तुमच्या कपाटातून जातेच," जाता जाता तो म्हणाला. "जुनी जोडणी आहे."

"काढून टाका."

"निघत नाही हो. बघितलंय ओढून."

त्याच दुपारी तिने व्यवस्थापकांकडे अर्ज दिला: प्रत्येक कपाटाला वेगळं कुलूप हवं, कारण एका 'अनोळखी व संशयास्पद इसमाने' आमचं कपाट उघडलेलं आढळलं. व्यवस्थापक म्हणजे चाव्याकाका. कमरेला चाव्यांचा एवढा मोठा जुडगा, की ते येण्याआधी त्यांचा आवाज यायचा. त्यांनी अर्ज वाचला, घडी घातली.

"होईल, मॅडम. वरून मंजुरी आली की होईल."

वर म्हणजे कुठे, हे त्या इमारतीत कोणालाच माहीत नव्हतं.

मंजुरी वरून यायची तेव्हा येईल. संशयास्पद इसम मात्र रोज खाली येऊ लागला. एकदा तिने कपाट उघडलं तर तिच्या केबलच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या कोणीतरी कापून काढलेल्या, आणि जागोजागी मऊ निळ्या पट्ट्या गुंडाळलेल्या — चिकटवाव्या तेव्हा चिकटणाऱ्या, ओढाव्या तेव्हा सुटणाऱ्या.

"माझ्या कपाटाला हात कोणी लावला?"

"मी नाही," तो आपल्या कपाटातूनच म्हणाला. "पण ज्याने लावला त्याचं म्हणणं असं की प्लॅस्टिकची पट्टी एकदा आवळली की आवळली, मग कापावीच लागते. ही बरी. चुकलं तर सोडून पुन्हा बांधता येतं."

"तुमचं बरंच चुकतं वाटतं?"

"म्हणून तर पट्ट्यांचा साठा ठेवतो."

उपकार अंगावर ठेवून घेणं तिच्या घरात कोणाला जमलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने त्याच्या कपाटात लिंबाच्या गोळ्यांची पुडी ठेवली, मधल्या स्विचच्या यंत्रावर, समोरच दिसेल अशी. संध्याकाळी लिफ्टपाशी तो भेटला. चेहरा गंभीर.

"तापणाऱ्या स्विचवर कोणी गोळ्या ठेवतं का?"

"का? काय झालं?"

"वितळल्या. सगळ्यांची मिळून एक झाली. एवढी मोठी."

"मग?"

"मग काय... सकाळपासून तेवढी एकच खातोय."

तिने ओठ आवळून धरले. पण लिफ्टच्या आरशाने चहाडी केली.

बाहेर ऊन असो, पाऊस असो, तळघरातल्या त्या खोलीत बारा महिने एकच ऋतू, एसीचा. तिथे प्रेमात पडायचं तर ना चंद्र, ना वारा, ना फुलं. तरी माणूस हिकमती प्राणी आहे. एका रखरखीत दुपारी एसी गळू लागला, तोही नेमका तिच्या कपाटावर. ती धावत खाली आली तर तो कपाटावर छत्री धरून उभा, आणि स्वतः मात्र एका खांद्याने चिंब.

"हे काय?"

"पाऊस."

"आणि छत्री कुठून आणली? बाहेर तर ऊन रणरणतंय."

"दुसऱ्या मजल्यावरच्या साहेबांची. त्यांना अजून माहीत नाही."

"अहो, पण तुम्ही भिजताय!"

"छत्री एक. भिजलो तर मी वाळेन, कपाट वाळत नाही."

ती पुढे झाली. दांडा धरायला तिने हात घातला, तो त्याच्या हातावर पडला. आता त्याने हात सोडायला हवा होता... सोडला नाही. तिने काढून घ्यायला हवा होता... तिलाही घाई दिसली नाही. एसीवाला येतो येतो म्हणत फार वेळ आलाच नाही, आणि त्या इमारतीच्या इतिहासात प्रथमच कोणी त्याच्या उशिराची तक्रार केली नाही.

"हल्ली माझं कपाट फार उघडता तुम्ही," ती छताकडे बघत म्हणाली.

"किल्ली फिरते. मी काय करू?"

"ज्या दिवशी नकोसे व्हाल ना, त्या दिवशी कुलूप बदलीन. रुसायला, भांडायला मला वेळ नसतो."

"म्हणजे किल्ली फिरतेय तोवर मी चालतोय?"

"चालवून घेतेय."

ती बोलली आणि विसरली. बोलणाऱ्याला कुठे आठवतं? ते सगळं ऐकणाऱ्याच्या खात्यावर चढतं.

तिला त्या छत्रीखाली भलतंच काही आठवत होतं — तो अर्ज. जो माणूस तुमच्यासाठी खांदाभर भिजतोय, त्याला 'संशयास्पद इसम' म्हणून आपण कागदावर चढवलंय, हे सांगायचं कसं? तिने सांगितलंच नाही. उलट दुसऱ्या दिवशी चाव्याकाकांना गाठलं.

"काका, तो कुलपांचा अर्ज... राहू द्यायचा का?"

"अर्ज मागे घ्यायलाही अर्ज लागतो, मॅडम. कारणासकट."

कारण! तिने कोरा कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. कारण लिहिण्याजोगं नव्हतं.

मग एका सकाळी तो नेहमीसारखा हसला नाही. कपाटात डोकं घालून, तिच्याकडे पाठ करून बोलू लागला.

"आमची नवी कचेरी निघतेय. लांब, दुसऱ्या शहरात. मला म्हणतात, जा."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"उद्या सकाळी कळवायचंय." त्याने एक नीट बसलेली तार उगीचच पुन्हा बसवली. "इथे थांबायला काही... म्हणजे, कोणी थांब म्हटलं तर..."

"तर?"

तो वळला. हातात एक पट्टी. निळी नव्हे, लाल.

"निळ्या संपल्या?"

"निळ्या ढीग आहेत. ही एकच आहे." त्याने ती तिच्या तळहातावर ठेवली. "उद्या वर जायच्या आधी मी तुमचं कपाट उघडेन. दाराच्या आतल्या बाजूला ही दिसली, तर मी जात नाही. नाही दिसली... तर तुम्हाला काही बोलावंही लागणार नाही."

"आणि मला बोलायचंच असेल तर?"

"नका. मला तोंडावर 'नाही' ऐकता येत नाही. लहानपणापासूनच."

"मी 'नाही' म्हणेन असं कोणी सांगितलं?"

पण इतक्यात दुसऱ्या मजल्यावरचे साहेब आपली छत्री शोधत आत आले, आणि पाचवा मजला लाल होऊन वर पळाला. त्याला दिवसभर बाहेरचं काम होतं.

तिने लाल पट्टी दाराच्या आतल्या कडीला बांधली. सोडली, पुन्हा बांधली, सरळ केली. दार लावलं. दोनदा ओढून पाहिलं. आणि जिना चढताना, तिसऱ्या मजल्यावर थांबायचं विसरून, चौथ्यावर जाऊन पोचली.

दुपारी चाव्यांचा आवाज आला. मागून काका, त्यांच्या मागे कुलूपवाला.

"मॅडम, पेढे द्या! अर्ज मंजूर. पहिलं कुलूप तुमचं, कारण पहिला अर्ज तुमचा. बाकीच्यांची यथावकाश."

"आज? काका... उद्या केलं तर?"

"उद्या? इतके महिने वाट पाहिलीत, आणि आता उद्या?"

साहेबही उठून आले होते. "चला, मीही बघतो. कपाट एकदाचं सुरक्षित झालं म्हणजे आपण सगळे सुटलो." त्यांनी तिच्याकडे बघितलं, तिने खुर्चीकडे बघितलं. ड्रिल मशीनची दुपार कोणीच विसरलेलं नव्हतं.

जुनं कुलूप निघालं. नवं बसलं, चकचकीत, जाड, सगळ्या रांगेत एकटंच वेगळं. आत लाल पट्टी जागच्या जागी होती, आणि तिच्यापर्यंत पोचणारी किल्ली आता जगात एकाच माणसाकडे होती.

संध्याकाळी तिने फोन हातात घेतला. त्याला नव्हे, ताईला लावला.

"अगं, मग सांग ना त्याला कुलूप बदललंय म्हणून," ताई म्हणाली. "एवढंसं काम."

"मीच सांगू? म्हणजे मग आत काय बांधलंय तेही मीच सांगायचं. ताई, त्याने आजवर सगळं कपाटात डोकं घालून केलं. एकदा तरी दोन मजले उतरून यावं. किल्ली द्या म्हणावं. तोंडाने."

"आणि नाही आला तर?"

"किल्ली लागली नाही तर माणूस येतोच मागायला."

"आणि नाही आला तर, विचारतेय मी."

"तर... त्याला आतलं बघायचंच नव्हतं, असं समजेन."

ताई मग म्हणाली, "आई म्हणते ते खोटं नाही. तू माणसांनाही ओढूनच बघतेस."

दुसऱ्या दिवशी ती लवकर आली. नवी किल्ली टेबलावर, उजव्या हाताशी. लिफ्टचा आवाज झाला की मान वर. दुसरा मजला आला, छत्री मिळाल्याचं सांगून गेला. टपाल आलं. साहेब आले. जेवणाची सुट्टी होऊन गेली, आणि किल्ली होती तिथेच राहिली.

दुपार कलता कलता काकांनीच बातमी आणली. "पाचवा मजला चालला म्हणे नव्या कचेरीत. सकाळीच हो म्हणाला. बरा होता बिचारा."

तिने किल्ली उचलून पर्समध्ये टाकली.

जायच्या आदल्या दिवशी तो तळघरातल्या खोलीत भेटला. दोघंही आपापल्या कपाटापुढे. त्याच्या हातून आज एकही पट्टी नीट बसत नव्हती.

"कुलूप बघितलं," तो म्हणाला. "चांगलं आहे."

"हो. पक्कं आहे."

ती थांबली. आता तो म्हणेल, किल्ली द्या. कामाचं निमित्त काढून का होईना. त्याची एक तार होतीच की तिच्या कपाटात. तोही थांबला. आता ती काहीतरी म्हणेल... निदान का ते तरी. पंखे गुणगुणत राहिले.

"बरं... सांभाळून राहा."

"तुम्हीही."

इतकंच.

त्याच्या जागी जो आला त्याला पट्ट्यांचं वेड नव्हतं. पाचव्या मजल्याच्या केबल कपाटाबाहेर लोंबू लागल्या. येताजाता ती त्या उचलून आत सारायची, कधी आपल्याजवळच्या निळ्या पट्टीने बांधायची. कोणाच्या पायात अडकून नुकसान झालं असतं, म्हणून. विचारलं असतं तर तिने हेच सांगितलं असतं. रांगेतली कुलपं एकेक करत बदलली. स्थळं आली, तिने ती परतवली. आईने कारणं विचारली, तिने ती बदलत ठेवली. आणि लाल पट्टी? ती तिने सोडली नाही. रोज कपाट उघडायचं, रोज ती दिसायची, आणि रोज ती स्वतःशी म्हणायची — उद्या काढू.

दोन पावसाळे गेल्यावर पाचव्या मजल्यावरच्या कचेरीने जागा सोडली. कपाट रिकामं करायला माणूस आला. ज्याने जोडणी केली होती, तोच.

"तिसरा मजला?" दारातून आवाज आला. "एक काम होतं. माझी ती जुनी तार... तुमच्या बाजूने सोडावी लागेल. किल्ली... द्याल?"

अखेर मागितली. तिला हसू यावं की काय यावं, कळेना.

दोघं खाली उतरले. वाटेत त्याचा फोन वाजला. "हो गं... निघतोच आहे. नाही नाही, जेवायला घरी. तू झोपव तिला, गाडी पोचायला उशीर होईल." त्याने फोन खिशात टाकला. ती जिन्याच्या पायऱ्या बघत उतरत होती. 'गं' कानात राहिला होता. तिच्या वाट्याला शेवटपर्यंत 'अहो' आणि 'तुम्ही'च आलं होतं.

तिने कपाट उघडलं. दार पूर्ण मागे गेलं आणि तो जागच्या जागी थांबला. लाल पट्टी जरा फिकट झाली होती, पण सरळ होती.

"ही..." त्याने बोट लावलं नाही, नुसतं दाखवलं. "ही तेव्हाचीच?"

"दुसरी कुठून येणार? एकच आहे म्हणाला होतात."

"कधी बांधलीत?"

"तुम्ही दिलीत, तुम्ही पळालात, लगेच."

"मग... मग कुलूप का बदललंत?"

"मी कुठे बदललं? म्हणजे, अर्ज माझाच. तुम्ही पहिल्यांदा इथे डोकं घातलं होतंत ना, त्या दिवशीचा. मंजूर नेमका तेव्हा झाला. साहेब उभे होते समोर."

"पण तुम्ही म्हणाला होतात, नकोसे व्हाल त्या दिवशी कुलूप बदलीन."

"मी? कधी?"

"छत्रीखाली."

छत्री तिला आठवत होती. दांडा, त्यावरचा हात, त्याचा भिजलेला खांदा, सगळं जसंच्या तसं. तेवढं ते वाक्य नव्हतं. आता आलं. आपल्याच आवाजात आलं, हसत हसत.

"गंमत केली होती हो मी," ती म्हणाली. "तेवढं लक्षात ठेवलंत, आणि तिसरा मजला कुठे आहे तेवढं विसरलात?"

"विसरलो नव्हतो. दारापर्यंत आलो होतो. काचेतून तुम्ही दिसलात. मग वाटलं... उत्तर मिळाल्यावर पुन्हा विचारणारा माणूस निर्लज्ज दिसतो."

"मी त्या काचेकडेच बघत होते सकाळपासून!"

"तेव्हा टपाल घेत होतात."

तिने कुलपातली किल्ली काढून मुठीत धरली. मग म्हणाली, "किल्ली लागली नाही, तर मागायची असते."

"आणि कुलूप बदललं," तो अगदी हळू म्हणाला, "तर सांगायचं असतं."

हिशोबाच्या दोन्ही बाजू जुळल्या. कोणाकडे काही निघत नव्हतं. तिला वाटलं, आपल्यापेक्षा त्याची चूक थोडी जास्त निघाली असती तर बरं झालं असतं. निदान रागवता आलं असतं.

तिने त्याची तार आपल्या बाजूने सोडली. इतकी वर्षं निघत नाही म्हणत होता, ती एका झटक्यात निघाली. त्याने ती बाकीच्या केबलबरोबर हातावर गुंडाळली. गुंडाळी पुन्हा पुन्हा उसवत होती.

"एखादी पट्टी आहे का..." तो सवयीने म्हणाला.

तिने निळ्या पट्ट्यांच्या डब्याकडे पाहिलं. मग दाराच्या कडीकडे हात नेला. लाल पट्टी सुटताना खर्रकन आवाज झाला. इतक्या दिवसांची बांधलेली, तरी लगेच सुटली. तिने ती त्याच्या गुंडाळीवर ओढून बसवली.

"घट्ट झाली?"

"नाही," तो म्हणाला. "बरोबर झाली."

त्याने गुंडाळी खांद्याला अडकवली. दारापाशी जाऊन तो एकदा वळला, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. पण खिशातला फोन पुन्हा वाजू लागला, आणि तिनेच मानेने खूण केली — घ्या. वाट बघत असतील.

पावलं जिन्यावरून वर गेली. पंखे गुणगुणत होते. तिने कपाटाचं दार लावलं, किल्ली फिरवली, मूठ धरून दोनदा ओढून पाहिलं.

मग आणखी एकदा ओढून पाहिलं.

कुलूप चांगलं होतं. उघडलं नाही.